बॅटरी नव्हे, हीटर प्लग

डिसेंबरातला गुरुवार, म्हणजे एमआयडीसीला सुट्टी. पुण्याजवळच्या भोसरीत प्रेसचा दणका नव्हता. चिपळूणहून शिर्डीला निघालेलं कुटुंब रात्री लॉजवर उतरलेलं. सकाळी सातला त्यांच्यातल्या काकांचा फोन आला, "मिस्त्री, बॅटरी बसलीय, नवीच घेऊन या."

गाडी म्हणजे जुन्या प्री-चेंबर इंजिनाची (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटतं ते) चार सिलिंडरची डिझेल जीप. काचेवर रात्रीतून काळसर धुळीचा थर. इकडे तो रोजचाच. बॅटरी 12.5 व्होल्ट, सेल्फ मारताना 10.4. हा आकडा 9.6 च्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्यायचा. इथं इंजिन जोरात फिरत होतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत होता. म्हणजे डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. माझा संशय हीटर प्लगवर, म्हणजे गार इंजिन सुरू करताना तो कप्पा तापवणाऱ्या प्लगवर.

काका म्हणाले, "हीटरचा दिवा तर बरोबर लागतो नि विझतो."

या गाडीत तो दिवा टायमरवर चालतो. प्लग तापला की नाही, हे त्याला कळत नाही.

चारही प्लगना जोडणारी पट्टी आधी काढली. ती ठेवून मीटर लावला तर एक जिवंत प्लग बाकीच्या मेलेल्यांना झाकतो. चांगला प्लग एक ओहमच्या आत दाखवतो. पहिला 0.8, उरलेले तिन्ही ओपन, म्हणजे आतून तुटलेले.

"अहो, काल घरी एका सेल्फमध्ये लागली!"

लागणारच. प्री-चेंबरचं गार लोखंड दाबलेल्या हवेची उष्णता ओढून घेतं. कोकणच्या उबेत एक प्लग पुरला, इथल्या दहा अंशांत नाही पुरला.

तेवढ्यात लॉजचा पोरगा एअर फिल्टरपाशी धरायला पेट्रोलचा बोळा घेऊन आला. त्याला तिथंच थांबवलं. तापलेल्या प्लगवर ती वाफ वेळेआधी भडकते आणि पिस्टनच्या रिंगा तुटतात.

खरी जोखीम प्लग काढताना. टोक आत तुटलं की इंजिनाचं हेडच उतरवायचं. बुडाशी गंज सोडवणारं तेल मारून 20 मिनिटं थांबलो, मग अर्धा आटा सैल, पाव आटा घट्ट, असं करत काढले. तिसऱ्याला काजळीनं धरलं होतं. त्याला आणखी दोनदा तेल. आमचा दुकानदार बंद, म्हणून पोराला नाना पेठेत पाठवलं. व्होल्टेज जुन्या प्लगशी जुळवूनच घ्यायला बजावलं. कमी व्होल्टचा लगेच जळतो. आणायला लावले चार. जुना एक ठेवणं म्हणजे पुन्हा तेच दुखणं.

साडेअकराला गाडी लागली. खरं तर उन्हं चढल्यावर ती तशीही लागली असती, पण शिर्डीच्या पहाटे परत अडली असती.

काकांनी जळके प्लग रुमालात बांधून घेतले. गेल्या महिन्यात बॅटरी बदलून देणाऱ्या चिपळूणच्या मिस्त्रीला दाखवायचे होते.