शेवटचा डॉट आणि चोवीस तासांचा टीटीएल

देवगडमधील आंबा बागायतदारांच्या एका सहकारी संस्थेची दोन डोमेन मी सांभाळतो. त्यांचे डीएनएस रेकॉर्ड (डोमेनच्या नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या नोंदी) कार्यालयातल्या विंडोज सर्व्हरवर होते आणि ते लिनक्सवरील बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरवर न्यायचे होते. हे काम दिवाळी उरकल्यावर, मोहोर येण्याआधी करायचे ठरले होते. पण जुन्या यंत्राची हार्ड डिस्क दगा देऊ लागल्याने पहिल्या डोमेनचे स्थलांतर एप्रिलमध्ये, ऐन पेट्या भरण्याच्या दिवसांत करावे लागले.

विंडोजवरचा आमचा झोन, म्हणजे एका डोमेनच्या सर्व नोंदींचा संच, साध्या फाइलमध्ये नसून अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी या विंडोजच्या माहितीसाठ्यात ठेवलेला होता. तो एक्स्पोर्ट केल्यावर मिळणारी फाइल बहुतांशी आरएफसी १०३५ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात १९८७ साली ठरलेल्या स्वरूपातच असते, त्यामुळे ती बाइंडला जशीच्या तशी देता येईल असे वाटते. प्रत्यक्षात, ज्या संगणकांनी आपली नोंद आपोआप केलेली असते त्यांच्या ओळींत चौकटी कंसात ‘एज’ आणि एक मोठा आकडा असतो. १ जानेवारी १६०१ पासून नोंद ताजी होईपर्यंत किती तास झाले, हे तो आकडा सांगतो. बाइंडला त्याचा अर्थ लागत नाही, म्हणून ते सर्व कंस काढावे लागले.

चूक मात्र तिथे झाली नाही. मेल सर्व्हर बदलणार असल्याने एमएक्सची, म्हणजे डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरकडे जावी हे सांगणारी, ओळ मी हाताने नव्याने लिहिली आणि नावाच्या शेवटचा डॉट राहून गेला. शेवटी डॉट नसलेले नाव अपुरे समजून बाइंड त्याला डोमेनचे नाव जोडतो, त्यामुळे ‘मेल.संस्था.इन’चे ‘मेल.संस्था.इन.संस्था.इन’ झाले, आणि त्या नावाचा सर्व्हर कुठेच नव्हता. बाइंडसोबतच्या नेम्ड-चेकझोन या तपासणीच्या आज्ञेने या नावाला पत्ता नसल्याचा इशारा छापलाही होता, पण त्याच्याखाली ‘ओके’ दिसल्यावर मी वरची ओळ वाचली नाही.

दुपारी एका वयस्कर बागायतदारांचा फोन आला. “अहो, गिऱ्हाईक म्हणतंय मेल केली, मग आली कशी नाही?” वाशीच्या व्यापाऱ्यांच्या मेल येत होत्या आणि पुण्याच्या ग्राहकांच्या परत जात होत्या, त्यामुळे दोष शोधायला अधिक वेळ लागला. ज्यांच्या सर्व्हरने जुने उत्तर साठवून ठेवले होते त्यांचे काम चालू होते. ज्यांनी नव्याने विचारले त्यांना चुकीचे उत्तर मिळाले. डॉट घातला, पण एसओए या झोनच्या पहिल्या नोंदीतील सीरियल (आवृत्ती क्रमांक) वाढवायला विसरलो, म्हणून त्यावरून बदल ओळखणारा दुय्यम सर्व्हर जुनीच ओळ देत राहिला. तेही सुधारले, तरी टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवण्याची मुदत, ८६४०० सेकंदांची असल्याने चुकीचे उत्तर काही ठिकाणी पुरते चोवीस तास टिकले. त्या दिवसात गेलेल्या मागण्यांची रुखरुख मला अजून आहे.

दुसरे डोमेन मी नोव्हेंबरमध्ये हलवले. दोन दिवस आधी जुन्या सर्व्हरवरच टीटीएल ३०० सेकंदांवर आणला, कारण आधीचे चोवीस तास सरल्याशिवाय नव्या टीटीएलचा उपयोग होत नाही. नंतर झोनमधील प्रत्येक नाव आणि प्रकार घेऊन डिग या डीएनएसला विचारणा करणाऱ्या आज्ञेने दोन्ही सर्व्हरना तोच प्रश्न विचारला आणि उत्तरे शेजारी ठेवून ताडून पाहिली. फाइल डोळ्यांनी तपासण्यापेक्षा मला हीच रीत भरवशाची वाटते, कारण गिऱ्हाइकाच्या सर्व्हरला फाइल दिसत नाही, उत्तर दिसते. डीकेआयएमच्या (मेलवरील डिजिटल सहीच्या) २०४८ बिटच्या किल्लीच्या टीएक्सटी, म्हणजे मजकुराच्या, ओळीतील चूक तिथेच सापडली: एका स्ट्रिंगमध्ये २५५ बाइट्सच मावतात, आणि किल्लीचे दोन तुकडे करताना मध्ये एक अक्षर गळाले होते.

उत्तरे जुळल्यावरच रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे, नेमसर्व्हर बदलले. वरच्या पातळीवरील एनएस (नेमसर्व्हर कोणता ते सांगणाऱ्या) नोंदीचा टीटीएल आपल्या हाती नसतो, म्हणून जुना सर्व्हर त्याच उत्तरांसह चालू ठेवला आणि रोज त्याचा लॉग पाहत राहिलो. पाचव्या दिवशी बाहेरून एकही विचारणा आली नाही, तेव्हा त्यावरील डीएनएस सेवा बंद केली.