नागोयातलं काम डिचोलीत सांगताना

चतुर्थीला डिचोलीच्या घरी आलं की नेवऱ्यांच्या ताटाबरोबर एक प्रश्न हमखास येतो: "जपानात तू नेमकं करतोस काय?" "मटेरियल सायन्स" म्हटलं की बहुतेकजण मान डोलावून विषय सोडून देतात. मामांनी तो सोडला नाही. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत भट्टीवर नोकरी केलेला माणूस, थर्मोकपल त्यांना माझ्या आधीपासून ठाऊक. दोन वेगळ्या धातूंच्या तारा, जोड भट्टीत, मोकळी टोकं बाहेर थंड जागी आणि मीटरवर काही मिलिव्होल्ट. सीबेकने १८२१ साली पाहिलेला परिणाम तो हाच. "ज्याने तुम्ही तापमान मोजायचात, त्यातून मी वीज काढायला बघतोय," असं सांगितल्यावर गाडी रुळावर आली.

के-टाइप या प्रकारचं थर्मोकपल तापमानातल्या एका अंशाच्या फरकामागे साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं. मोजायला पुरे, वीज काढायला नाही. त्यासाठी व्होल्टेज जास्त हवं, वीज सहज वाहायला हवी आणि उष्णता मात्र अडायला हवी. इलेक्ट्रॉन वाढवले की वीज छान वाहते, पण व्होल्टेज पडतं. बिस्मथ टेल्युराइड हे संयुग हे गणित बऱ्यापैकी जमवतं, पण टेल्युरियम दुर्मिळ आणि भट्टीच्या गरम हवेत ते टिकतही नाही. ऑक्साइड, म्हणजे धातू आणि ऑक्सिजनची संयुगं, टिकतात. तरी त्यांना या कामात कोणी फारसं विचारत नव्हतं. मग १९९७ मध्ये जपानी संशोधक तेरासाकी आणि सहकाऱ्यांनी सोडियम-कोबाल्ट ऑक्साइडमध्ये अंशामागे सुमारे १०० मायक्रोव्होल्ट मोजले, तेही धातूसारखी वीज वाहत असताना. जपानात ऑक्साइडवर एवढं काम का चालतं, त्याचं हे एक मोठं कारण.

माझ्या वाट्याला आलंय स्ट्रॉन्शियम टायटनेट हे ऑक्साइड, थोडं नायोबियम घातलेलं. १० मिलिमीटर चौरस, अर्धा मिलिमीटर जाड स्फटिकाची चकती निर्वात पेटीत सातशे अंशांपर्यंत लालबुंद तापवायची आणि समोर ठेवलेल्या, याच पदार्थाच्या गोळीवर लेझरचे ठोके मारायचे. प्रत्येक ठोक्याला निळसर ज्योत उठते आणि चकतीवर थोडे थोडे अणू बसत पातळ थर तयार होतो. खोलीतले गॅस सिलिंडर भूकंपाच्या भीतीने भिंतीला दोन-दोन साखळ्यांनी जखडलेले असतात.

आता ताण, कारण थर ताणला की त्याचे गुण कसे बदलतात हेच मला बघायचंय. या पदार्थात अणूंची मांडणी दर ३.९०५ अँगस्ट्रॉमला (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) पुन्हा येते. खालच्या चकतीत हे अंतर किंचित जास्त असलं, तर वर बसणारा पातळ थर तिच्या मापाने ताणून बसतो, कमी असलं तर दबून. फरक जेमतेम एक टक्क्याचा, पण अखंड तुकडा तेवढा ओढायला गेलात तर तो आधीच तडकेल. पातळ थर सोसतो, तोही ठरावीक जाडीपर्यंतच. पुढे आत दोष तयार होऊन ताण सुटतो. मामा आरतीला घुमट वाजवतात, म्हणून मी तेच उदाहरण दिलं: मडकं तेच, कातडं तेच (आता बकरीचं, घोरपडीचं कायद्याने बंद झालं), पण ताण बदलला की नाद बदलतो.

"म्हणजे ओढलं की वीज जास्त?" मामांनी विचारलं.

तसं सरळ नाही. टायटॅनियमपाशी इलेक्ट्रॉनना राहायला सारख्या ऊर्जेच्या तीन जागा असतात, आणि तीनही वापरात असल्या की व्होल्टेजला फायदा होतो. चकतीच्या पातळीत थर ताणला की त्यातली एक जागा खाली सरकते. इलेक्ट्रॉन तिथे गर्दी करतात, चकतीच्या पातळीत धावतातही हलके, पण व्होल्टेज घटू शकतं. दाबला तर उरलेल्या दोन खाली येतात आणि हिशेब पुन्हा वेगळा. ताणाने गुणधर्म सुधारले, एवढंच सांगणारा आलेख दिसला की मी आधी इलेक्ट्रॉनांची संख्या किती होती ते शोधतो.

कारण खरी गोची ऑक्सिजनची आहे. तापवताना ऑक्सिजन कमी पडला तर पदार्थातून ऑक्सिजनचे अणू निसटतात आणि प्रत्येक रिकामी जागा इलेक्ट्रॉन सोडून जाते. आमचे प्राध्यापक नव्या मुलांना ड्रॉवरमधली एक चकती दाखवतात. स्ट्रॉन्शियम टायटनेटचीच, बिनताणाच्या तुलनेसाठी वापरलेली. आत गेली तेव्हा काचेसारखी पारदर्शक होती, बाहेर आली ती निळसर काळी. तिच्यावर मोजलेली वीज थरातून वाहते की खालच्या चकतीतून, हे कुणी सांगायचं?

मामांना शेवटी पत्र्याचं छप्पर आठवलं. उन्हात तापतं, त्यावर हे लावलं तर? पत्रा ६० अंश आणि आतली हवा ३५ धरली, तर निसर्गनियमानेच साडेसात टक्क्यांच्या वर काही मिळणार नाही, आणि खरं उपकरण त्याचाही थोडाच भाग देईल. तिथे सोलरच लावा, म्हटलं. भट्टीच्या धुराड्यावर मात्र ऑक्साइडला अर्थ आहे. पण तिथे माझा पन्नास नॅनोमीटरचा थर काय कामाचा, हे त्यांनी लगेच विचारलं. थर कामाचा नाहीच. कुठल्या बाजूला किती ताण हवा हे थरातून कळलं, की जाड तुकड्यात स्ट्रॉन्शियमच्या जागी मोठं बेरियम किंवा लहान कॅल्शियम घालून त्या दिशेने जाता येतं. मात्र तो ताण सगळीकडून सारखा पडतो, थरासारखा एकाच पातळीत नाही, त्यामुळे थरातलं सगळंच तिथे उतरत नाही.