दिवसाची एक ओळ

ग्वाल्हेरच्या थंडीला क्रोशाची चादर पुरत नाही, हे आधीच सांगून टाकते. जानेवारीत धुकं उतरलं की भर दुपारी दिवा लावावा लागतो आणि तेव्हा रजईशिवाय गत्यंतर नसतं. तेव्हा ही चादर काही गरजेपोटी विणलेली नाही. डोक्यात खूळ शिरलं होतं: रोज एक ओळ विणायची आणि ओळीचा रंग त्या दिवशीच्या कमाल तापमानाप्रमाणे घ्यायचा. अशा चादरी जगभर विणल्या जातात. मी संक्रांतीला सुरुवात करून पुढच्या संक्रांतीला संपवायचं ठरवलं.

रंग ठरवायला सासूबाई बसल्या. वय ८२, काचबिंदूमुळे आता सुई हातात धरत नाहीत, पण आमच्या लग्नातलं रुखवतावरचं निम्मं क्रोशाकाम त्यांचं होतं. १५ अंशांच्या खाली गडद निळा, मग दर पाच अंशांना एक रंग: आकाशी, मोरपंखी, पोपटी, ३० ते ३५ हळदी, ३५ ते ४० केशरी, ४० ते ४५ लाल आणि ४५ च्या वर राणी. "राणी कशाला? मे महिना काय लग्नाला निघालाय?" असं त्या म्हणाल्या, पण घेऊ दिला.

लोकर आणायला बाड्यावर, म्हणजे इथल्या बाजारात, गेले. आमच्याकडे दुकानात गेलं की जीभ आपोआप हिंदीवर येते, आणि हिंदीत लोकरीला ऊन म्हणतात. पुण्याहून आलेल्या माझ्या भाचीला हे अजून पचत नाही. "मावशी, ऊन विकत आणतेस?" म्हणून ती हसत सुटते. लुधियानाची अ‍ॅक्रिलिक लोकर, प्रत्येक रंगाचे शंभर-शंभर ग्रॅमचे दोन गुंडे घेतले. हा हिशेब सपशेल चुकला, ते पुढे येईलच.

एक हिशेब मात्र वेळेवर केला म्हणून वाचले. मला खांब, म्हणजे क्रोशाचा उंच टाका, घालायची सवय. ४ मिलिमीटरच्या सुईने नमुना विणून पट्टीने मोजला तर खांबाच्या दहा ओळी १२ सेंटिमीटर भरल्या. म्हणजे ३६५ ओळींची चादर जवळजवळ साडेचार मीटर! अर्धी नऊवारीच. मुका खांब म्हणजे बुटका टाका, त्याच्या दहा ओळी साडेपाच सेंटिमीटर झाल्या, वर्षाचे दोन मीटर. मुका खांब नक्की झाला. रुंदीला २१० टाके, त्यासाठी पायाला २११ साखळ्या. साखळी मात्र एक नंबर मोठ्या सुईने घातली, कारण माझा हात आवळ आहे आणि साखळी आवळली की चादरीची खालची कड चुणते.

पहिले ४० दिवस झकास गेले. रोज रात्री जेवणं झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटं. मग एकदा चादर पलंगावर पसरली तर सासूबाई हाताने कडा चाचपत म्हणाल्या, "अगं, ही चादर आहे की पतंग?" टाके मोजले. २१० चे १७१ झाले होते. दोष माझ्या जुन्या सवयीचा. खांबाच्या ओळीत सुरुवातीच्या तीन साखळ्या पहिल्या खांबाच्या जागी धरतात आणि खालचा पहिला टाका सोडतात. मुक्या खांबात सुरुवातीची एक साखळी मोजायची नसते, पहिल्याच टाक्यात सुई घालायची असते. मी दर ओळीला इमानेइतबारे एक टाका खात होते.

सगळं उसवलं, फक्त पहिली ओळ ठेवली. वहीत रोजचा आकडा लिहून ठेवला होता म्हणून निभावलं. पुन्हा विणताना प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवली आणि आठवड्यातून एकदा टाके मोजले. ही सक्ती मी शेवटपर्यंत सोडली नाही.

आकडा कुठला धरायचा, यावरही घरात चर्चासत्र झालं. फोनमधला आणि पेपरातला कधी कधी दीड अंशाने वेगळा निघायचा. यांचं मत फोन, माझं पेपर. पेपर जिंकला, कारण विणणारी मी.

मार्च सगळ्यात छळतो. आज पोपटी, उद्या हळदी, परवा पुन्हा पोपटी, मग एकदम केशरी. रंग बदलला की दोन टोकं लोंबणार. सुरुवातीला मी गाठी मारत होते, पण अ‍ॅक्रिलिक बुळबुळीत असते, गाठ सरकून सुटते. खरी रीत अशी: ओळीच्या शेवटच्या टाक्यात सुईवर दोन धागे असताना शेवटचा वेढा नव्या रंगाचा घ्यायचा. म्हणजे रंग स्वच्छ बदलतो, मागचा रंग पुढच्या ओळीत डोकावत नाही. टोक वीतभर ठेवायचं आणि मोठ्या नेढ्याच्या बोथट सुईने आधी एका दिशेला, मग उलट दिशेला ओवायचं. मी ही टोकं "नंतर बघू" म्हणून साठवली. नका साठवू. दिवाळीच्या सुट्टीत चार दुपारी त्यातच गेल्या आणि मान धरली ती वेगळीच.

एप्रिल-मे लाल. लू वाहत असताना मांडीवर लोकर घेऊन बसणं म्हणजे शिक्षाच. कूलरसमोर बसून विणायचे तर धागा उडायचा. राणी रंगाची पहिली ओळ आली तेव्हा मात्र बरं वाटलं, हे कबूल करते. बाहेर ४५ च्या वर पारा आणि मी आत खूश.

सगळ्यांना वाटलं होतं लाल संपेल. संपला हळदी! जुलैअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत पारा बहुतेक दिवस तिशी-पस्तिशीतच. एका गुंड्यात जेमतेम तीस ओळी होतात, त्यामुळे दोन्ही गुंडे श्रावणातच संपत आले. बाड्यावर गेले तर दुकानदाराने लोकर केव्हाच बांधून माळ्यावर टाकलेली, पुढे राख्यांची लटकन. "भाभीजी, ऊन तो अब नवरात्र के बाद।" हातापाया पडून पोतं उघडायला लावलं. हळदी मिळाला, पण लॉट वेगळा, जरा लिंबाकडे झुकणारा. उरलेल्या जुन्या धाग्याच्या आणि नव्याच्या ओळी आलटून पालटून घातल्या, तरी उजेडात फरक दिसतोच.

माझी खरी तक्रार वेगळी होती. भाद्रपदातला चिकट घाम आणि कोजागिरीची कोरडी, मोकळी हवा दोन्ही एकाच हळदी रंगात! आकड्याला उकाडा कळतच नाही. पण यावरचा तोडगा सासूबाईंनी आधीच, पहिल्या पावसाला सुचवला होता: पाऊस पडेल त्या दिवशी टाक्याच्या दोन्ही धाग्यांतून सुई न घालता फक्त मागच्या धाग्यातून घालायची. पुढचा धागा मोकळा राहतो आणि त्याची बारीक कड उठते. त्याआधीचा मावठा, म्हणजे हिवाळ्यातला पाऊस, राहिला तो राहिलाच. गंमत म्हणजे ओळ सुलट बाजूने विणली तर कड सुलटीकडे उठते, परतीची असेल तर उलटीकडे. त्यामुळे अर्धा पावसाळा चादरीच्या पोटात गेला.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी शेवटची ओळ घातली, आकाशी. काठ काळा, चंद्रकळेसारखा, मुक्या खांबाच्या तीन फेऱ्या. प्रत्येक कोपऱ्यात एकाच टाक्यात तीन टाके, नाहीतर कोपरा वळतो. इस्त्रीच्या वाटेला गेले नाही, अ‍ॅक्रिलिक गरम इस्त्रीने मरते. नुसती ओलवली आणि गच्चीवर पसरली. सुदैवाने ऊन पडलं, खरं ऊन.

सासूबाईंच्या मांडीवर चादर ठेवली. त्यांनी विचारलं, "राखी कुठे आहे? तेव्हा तर धो धो पडत होता." मी ओळ मोजून त्यांचं बोट तिथे ठेवलं. त्यांनी दोनदा फिरवलं आणि म्हणाल्या, "इथे तर कोरडंच आहे की."

मी चादर उलटी केली आणि बोट पुन्हा तिथेच ठेवलं.