कालवांचा माग अडला तो एका टॅगपाशी

कच्च्या कालवांमुळे झालेल्या विषबाधेचा तपास म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळा येते. मला प्रयोगशाळेनं अडवलं नाही. अडवलं ते एका घाऊक पुरवठादाराच्या कचेरीनं, आणि तो संताप अजून उतरलेला नाही.

एकाच जेवणाला गेलेली मंडळी दीड दिवसाच्या आत उलट्या-जुलाबांनी आडवी झाली होती. लक्षणं ऐकूनच नोरोव्हायरसचा, म्हणजे उलट्या-जुलाब घडवणाऱ्या विषाणूचा, संशय आला; शौचाच्या नमुन्यांवर केलेल्या पीसीआर चाचणीनं (ती विषाणूचा जनुकीय अंश शोधते) तो पक्का केला. मुलाखतीही भराभर झाल्या. जे आजारी पडले नाहीत त्यांनाही तेच प्रश्न विचारायचे, हे मात्र कधी टाळू नका. त्यांच्यातल्या बहुतेकांनी कालवांना हात लावला नव्हता, हे कळलं तेव्हाच संशयाला वजन आलं.

आता प्रश्न उरला, ही कालवं कुठल्या पाण्यातली? कालवांच्या प्रत्येक पोत्याला टॅग असतो. कोणी काढली, कुठून काढली, कधी काढली, सगळं त्यावर. स्वयंपाकघरात गेले तर तीन-चार पोती एकाच ट्रेमध्ये बर्फावर ओतलेली, टॅग कचऱ्यात. खिळ्याला एकच लटकत होता, आणि त्यावरची तारखेची शाई पाण्यानं फुटलेली. अमेरिकेत पोतं संपल्यापासून ९० दिवस टॅग जपून ठेवायचा नियम आहे. हिपॅटायटिस ए (विषाणूमुळे होणारी कावीळ) सारखा आजार खाल्ल्यानंतर १५ ते ५० दिवसांनी उठतो, तोवर कागदच नसेल तर माग काढायचा कशावरून? शांघायमध्ये १९८८ साली दूषित शिंपल्यांमुळे सुमारे तीन लाख लोकांना हाच आजार झाला होता.

म्हणून पुरवठादाराकडे गेले. मागितलं फक्त जावक रजिस्टर. "मॅडम, लेखी अर्ज द्या." दिला. "साहेब रजेवर आहेत." साहेब आले, तर म्हणाले, अर्जात लॉट नंबर नाही. अहो, तो नंबर शोधायलाच तर मी आले होते! इकडे त्याच पाण्यातली कालवं रोज निघत होती, विकली जात होती, लोक कच्ची खात होते. कालव पाणी गाळून जगतं, सांडपाण्यातला विषाणू त्याच्या पचनग्रंथीत साठतो आणि आठवड्यानुआठवडे तिथेच राहतो. स्वच्छ पाण्यात ठेवून ई. कोलाय (सांडपाण्याची खूण म्हणून तपासला जाणारा जिवाणू) बऱ्यापैकी निघून जातो, नोरोव्हायरस चिकटून बसतो. म्हणून "आमचा माल तपासलेला आहे" या उत्तरावर गप्प बसू नका, कशासाठी तपासलाय ते विचारा.

शेवटी मदत केली ती माल पोचवणाऱ्या गाडीवाल्यानं. त्याच्या वहीत कुठून किती पोती उचलली आणि कुठे उतरवली, सगळं तारीखवार लिहिलेलं होतं. तेवढ्यात दुसऱ्या एका खानावळीतूनही आजारी लोकांची खबर आली. दोन्हीकडची चलनं आणि ती वही शेजारी ठेवली, तर सगळ्या खेपा एकाच खाडीपाशी येऊन मिळाल्या. तिथे सांडपाण्याची वाहिनी फुटलेली निघाली आणि कालवं काढणं बंद झालं. पुरवठादाराचं रजिस्टर त्यानंतर आलं. मला त्या गाडीवाल्याचा आजही अभिमान वाटतो.

तर पहिल्याच दिवशी टॅगचे, चलनांचे, बिलांचे फोटो काढा, कचऱ्याचा डबाही बघा. लिंबू पिळल्यानं किंवा तिखट सॉसनं जंतू मरतात असं सांगणारे भेटतील, ते साफ खोटं आहे. आणि राहिलंच, पाणी कोमट असलेल्या महिन्यांत संशय व्हिब्रिओ या समुद्राच्या पाण्यातल्या जिवाणूवर असेल तर प्रयोगशाळेला नमुन्यासोबतच तसं कळवा. त्याला वाढवायला टीसीबीएस नावाचं खास माध्यम लागतं, नेहमीच्या तपासणीत तो निसटू शकतो.