तुम्ही विचारलंत म्हणून: खाते कोणाच्या नावावर आहे?

पदव्युत्तर वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना मी संशोधनपद्धती शिकवते आणि माझा स्वतःचा अभ्यास नवे तंत्रज्ञान व छोटे व्यवसाय यांच्या संबंधाचा आहे, हे कळले की लग्नकार्यात, बसमध्ये किंवा परिसंवादाच्या चहाच्या वेळी मला एकच प्रश्न विचारला जातो: "नवे तंत्रज्ञान आले की गरिबाचे भले होते, हे तुमच्या संशोधनातून खरोखर दिसते का?" विचारणाऱ्याला बहुधा होय किंवा नाही एवढेच हवे असते आणि मीही आजवर "होते, पण सगळ्यांचे सारखे नाही" असे सांगून वेळ निभावून नेली आहे. ते उत्तर खोटे नाही, पण त्यातून कोणाच्याच हाती काही लागत नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते आणि मासळीच्या आधाराने लिहिते, कारण जगभरच्या वर्गांतून शिकवला जाणारा या विषयातला एक मोठा अभ्यास मासळीबाजाराचाच आहे आणि गोव्यातल्या वाचकाला मासळीबाजार समजावून सांगावा लागत नाही.

रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने 2007 साली प्रसिद्ध केलेला तो अभ्यास उत्तर केरळच्या किनाऱ्याचा आहे. 1997 ते 2001 या काळात तिथे मोबाइलचे मनोरे टप्प्याटप्प्याने उभे राहिले: आधी कोळिकोडच्या बाजूला, मग कण्णूरकडे आणि शेवटी कासरगोडकडे. या किनाऱ्यावरील 15 बाजारांत मासळी उतरवणाऱ्या 300 मच्छीमार गटांची माहिती जेन्सन यांनी दर आठवड्याला, जवळजवळ पाच वर्षे गोळा केली. मनोरे सगळीकडे एकाच दिवशी उभे राहिले असते, तर नंतरचा बदल फोनमुळे झाला की त्या वर्षीचा हंगामच चांगला होता म्हणून, हे सांगता आले नसते. ते मागेपुढे उभे राहिल्यामुळे फोन पोचलेला किनारा आणि न पोचलेला किनारा यांची त्याच आठवड्यातली तुलना शक्य झाली. संशोधनपद्धतीच्या तासाला मी हे उदाहरण दर वर्षी देते आणि ते देताना मला अजूनही आनंद होतो, कारण एखाद्या दूरसंचार कंपनीच्या कामाच्या वेळापत्रकात एवढा मोठा प्रश्न सोडवण्याची किल्ली असू शकते, हे कोणाला तरी सुचावे लागले.

फोन येण्यापूर्वी होडी आपल्या नेहमीच्या किनाऱ्यालाच लागत असे. त्या सकाळी तिथे तारले उदंड आलेले असले की गिऱ्हाईक उरत नसे आणि उरलेली मासळी पाण्यात टाकून द्यावी लागे, तर त्याच वेळी काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या बाजारातून गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जात असे. अशी वाया जाणारी मासळी एकूण मासळीच्या 5 ते 8 टक्के होती. मनोऱ्याचा संदेश समुद्रात 20 ते 25 किलोमीटरपर्यंत मिळू लागल्यावर होडीवाले पाण्यातूनच भाव विचारू लागले आणि जिथे मागणी होती तिकडे होडी वळवू लागले. मासळी टाकून देणे जवळजवळ थांबले, बाजाराबाजारांतील भावाची तफावत फार कमी झाली, मच्छीमारांचा नफा सरासरी 8 टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी 4 टक्क्यांनी स्वस्त मिळू लागली. विकणारा आणि घेणारा दोघांचेही भले झाल्याचे इतक्या स्वच्छ आकड्यांत क्वचितच दिसते. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर "होय" असेच आहे आणि ते देताना मला कसलाही संकोच वाटत नाही.

परंतु पुढे इतर संशोधक केरळच्या किनाऱ्यावर पुन्हा गेले, तेव्हा सगळ्याच मच्छीमारांना फोनवरून भाव विचारून हवा तो बाजार निवडता येत नाही, असेही त्यांना आढळले. होडीसाठी, जाळ्यासाठी ज्याच्याकडून उचल घेतलेली असते, त्याच्यामार्फतच मासळी विकावी लागत असेल, तर हातात फोन असूनही पायातली बेडी सुटत नाही. माहिती मोकळी झाली म्हणून माणूस मोकळा होतोच असे नाही. हे वाक्य मी वर्गात बोलत असे खरी, पण त्याचा पुरता अर्थ मला फार उशिरा कळला. तो प्रसंग पुढे सांगते.

त्याआधी आणखी मागे जायला हवे. 1952 साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार होऊन केरळात कोल्लमजवळच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या विकासाचा प्रकल्प सुरू झाला. नॉर्वेने परदेशी विकासाला हात देण्याचा हा पहिलाच प्रयत्न होता. हेतू चांगला होता: यंत्राच्या होड्या, बर्फाची सोय, आरोग्य केंद्र, पिण्याचे पाणी. पण पुढे कोळंबीला परदेशात भरघोस भाव येऊ लागला, गोठवलेली कोळंबी निर्यात होऊ लागली आणि ट्रॉलरच्या, म्हणजे मोठे जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक होड्यांच्या, धंद्यात ज्यांचा समुद्राशी पिढीजात संबंध नव्हता अशांचा पैसा उतरला. ज्या साध्या मच्छीमाराच्या नावाने हे सगळे सुरू झाले होते, त्याच्याच वाट्याच्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात ट्रॉलर फिरू लागले. मत्स्यव्यवसायाचे अभ्यासक जॉन कुरियन यांनी 1985 साली या प्रकल्पाचा जो लेखाजोखा मांडला, तो तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा माझा आग्रह असतो.

गोव्याला हे परके नाही. माझ्या आजोळच्या गावात रापण ओढली जात असे. होडीतून लांबलचक जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून कितीतरी माणसांनी मिळून ओढायची, असे ते काम होते. आलेल्या मासळीत होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा ठरलेला असे आणि ज्या म्हाताऱ्या माणसाने किंवा विधवेने नुसता दोराला हात लावला तिच्याही पदरात चार बांगडे पडत, असे आजी सांगत असे. यांत्रिक ट्रॉलर सरकारी अर्थसाहाय्याने आले आणि किनाऱ्यालगतची मासळीच ओढून नेऊ लागले, तेव्हा 1970 च्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली रापणकारांनी आंदोलन उभारले. त्याच पार्श्वभूमीवर 1980 साली गोवा, दमण व दीवसाठी सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला आणि किनाऱ्याजवळचे पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखण्याची तरतूद आली. हे आंदोलन यंत्राला विरोध करणारे होते, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी मी सहमत नाही. ते कोणत्या पाण्यावर कोणाचा हक्क, हे विचारणारे होते.

अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुम्पेटर यांनी 1911 मध्ये आर्थिक विकासाची उपपत्ती मांडताना नव्या संयोगांचे, म्हणजे हाताशी असलेली साधने नव्या रीतीने जोडण्याचे, पाच प्रकार सांगितले होते. नवी वस्तू, उत्पादनाची नवी रीत, नवी बाजारपेठ आणि कच्च्या मालाचा नवा स्रोत यांच्या शेवटी त्यांनी व्यवसायाच्या नव्या संघटनेचाही उल्लेख केला होता. आमच्या परिसंवादांत पहिल्या दोहोंवर निबंधांचा पाऊस पडतो आणि संघटनेकडे फारसे कोणी पाहत नाही. माझ्या दृष्टीने रापणीच्या वाटणीचा नियम हा होडीच्या इंजिनाइतकाच महत्त्वाचा शोध होता, कारण मिळालेले उत्पन्न कोणाकोणाच्या घरी पोचणार हे तोच ठरवत असे. जागतिक नवोन्मेष निर्देशांकात भारत 2015 साली 81 व्या क्रमांकावर होता आणि 2024 साली 39 व्या क्रमांकावर आला. याचा मला मनापासून अभिमान आहे. त्या निर्देशांकाच्या सुमारे 80 निकषांतून देशाची क्षमता कळते, घरातली वाटणी मात्र कळत नाही.

आता तो प्रसंग. दोन वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांना घेऊन पहाटे मासळी उतरते त्या धक्क्यावर गेले होते. 2016 साली यूपीआय आले आणि आज मासळीची टोपली घेऊन बसणाऱ्या बाईसमोरही चौकटीचा कोड लावलेला दिसतो. आमचा अभ्यास त्याचाच होता. प्रश्नावली मीच तयार केली होती आणि तिच्यात "आपण मोबाइलद्वारे पैसे स्वीकारता का?" असा प्रश्न होता. बर्फाच्या खोक्याला चिकटवलेल्या कोडाकडे बोट दाखवून एक बाई "होय" म्हणाल्या, विद्यार्थिनीने खूण केली आणि आम्ही पुढे निघालो. तेवढ्यात त्या सहज बोलून गेल्या, "पयशे पुताच्या खात्यार वतात." पैसे मुलाच्या खात्यात जात होते. पूर्वी दिवसभराची नोटा-नाणी कमरेच्या पिशवीत असायची आणि त्यातून काय घ्यायचे ते त्या ठरवायच्या. आता संध्याकाळी मुलाकडे मागावे लागते, असे त्यांनी तक्रारीचा सूर न लावता सांगितले.

आम्ही परत फिरून आधीच्या सगळ्या बायांना पुन्हा भेटलो. काहींचे खाते मुलाच्या नावावर होते, काहींचे नवऱ्याच्या, आणि एकीसमोरचा कोड तर तिला मासळी उधारीवर देणाऱ्याचा होता, म्हणजे तिची विक्री तिच्या हातात येण्याआधीच उधारीत वळती होत होती. ज्यांचे खाते स्वतःच्या नावावर होते, त्यांनी मात्र सुट्ट्यांची कटकट संपल्याचे, पैसे बाजूला पडू लागल्याचे उत्साहाने सांगितले. माझ्या तक्त्यात या सगळ्यांच्या नावापुढे एकच "होय" होते. एवढी वर्षे केरळचे उदाहरण शिकवूनही माझ्या प्रश्नावलीत मिळकतीच्या मालकीचा प्रश्न नव्हता, ही चूक माझी होती आणि ती मला त्या दिवशी फार लागली.

त्यानंतर मी केनियाचा अभ्यास पुन्हा वाचला. तिथे मार्च 2007 मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू झाली आणि तवनीत सुरी व विल्यम जॅक यांनी 2016 साली दाखवून दिले की या सेवेमुळे सुमारे 1,94,000 कुटुंबे, म्हणजे देशातील 2 टक्के कुटुंबे, दारिद्र्यातून वर आली. परिणाम अधिक ठळक दिसला तो स्त्री कुटुंबप्रमुख असलेल्या घरांत, आणि सुमारे 1,85,000 स्त्रिया पोटापुरत्या शेतीतून व्यापार-व्यवसायाकडे वळल्या. स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या गुप्त क्रमांकामागे पैसे ठेवता येणे, हे त्यामागचे एक मोठे कारण असावे असे मला वाटते. धक्क्यावरच्या बायांनी मला जे सांगितले त्याच्याशी ते जुळते.

म्हणून यापुढे कोणी विचारले, तर मी "होय" म्हणेन आणि लगेच विचारीन की ज्या तंत्रज्ञानाबद्दल आपण बोलतो आहोत, त्यातून येणारा पैसा आधी कोणाच्या हातात पडतो. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, तेवढ्या दिवसांत आम्ही प्रश्नावली नव्याने बांधली आहे. तिच्यात तीन ओळी वाढल्या आहेत: खाते कोणाच्या नावावर, फोन कोणाच्या हातात, आणि मासळी उधारीवर कोणाकडून. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ती घेऊन त्याच धक्क्यावर जाणार आहोत, आणि त्या बाईंना सर्वांत आधी भेटायचे असे विद्यार्थिनींनी आपणहून ठरवले आहे.