कपाटातलं पुस्तक

आज चर्चवरून आल्यावर कपाट आवरायला घेतलं आणि रवी झकरायस या नावाजलेल्या ख्रिस्ती वक्त्यांचं जुनं पुस्तक हाती लागलं. कॉलेजात असताना त्यांची भाषणं किती ऐकलीत मी! २०१७ मध्ये कॅनडातल्या एका बाईने त्यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप केला, तेव्हा 'देवाच्या सेवकावर चिखलफेक' म्हणून तिलाच नावं ठेवणाऱ्यांत मीही होते. मे २०२० मध्ये ते वारले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला. मसाज करणाऱ्या कितीतरी बायकांशी लैंगिक गैरवर्तन.

आई म्हणाली, "मेलेल्याचं कशाला उकरतेस? क्षमा करावी गं."

क्षमा आपण कोण करणार? आपलं काय गेलं?

बायबलमध्ये २ शमुवेल १३ मध्ये तामारेवर तिचा सावत्र भाऊ बलात्कार करतो, आणि तिचा सख्खा भाऊच तिला सांगतो, गप्प राहा. त्यांचा बाप दावीद राजा संतापतो, पण करत काहीच नाही. हा अध्याय उपदेशात ऐकल्याचं मला तरी आठवत नाही. (दावीद-गल्याथ मात्र दरवर्षी!)

आरोप खोटाही असतो, बायबलमधला योसेफ मालकाच्या बायकोच्या आरोपावरून तसाच तुरुंगात गेला. म्हणून तर नीट चौकशी हवी. मी तर न वाचताच निकाल देऊन टाकला होता.

पुस्तक अजून टेबलावरच पडलंय.