उपास धरला, पण अण्णाशी बोलत नव्हतो

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या आमच्या उपासकाळाचा, लेंटचा, पहिला दिवस, जवळ आला की आमच्या घरी आधी झावळी काढली जाते. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आणलेली शिंदीची झावळी येशूच्या फोटोमागं खोचलेली असते, वर्षभरात वाळून पार कडकडीत झालेली, ती चर्चमधे नेऊन द्यायची. तिथं सगळ्यांच्या झावळ्या जाळतात आणि तीच राख आपल्या कपाळावर येते. ज्या झावळ्या हातात धरून होसान्ना म्हणत येशूचा जयजयकार केला त्यांचीच राख. फादर क्रूस काढताना तू माती आहेस, मातीलाच मिळशील असं म्हणतात तेव्हा माझ्या तर पोटात कालवतं.

2025 ला हा बुधवार 5 मार्चला आला. गल्लीतले महाशिवरात्रीचे उपास नुकतेच झालेले आणि 2 मार्चपासून शेजारी रोजे चालू, पहाटे सहरीला त्यांची भांडी वाजली की मीही उठून प्रार्थनेला बसायचो, जालन्यात हे असंच असतं. शेजारच्या चाचींनी विचारलं तुमचे किती, म्हणलं 40. त्यांनी कॅलेंडरवर मोजले तर ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 भरले! मग सांगितलं की रविवार धरत नाहीत, तो येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, 6 रविवार वजा करा. येशू अरण्यात 40 दिवस उपाशी होता ना, त्यावरून हे.

मी दरवर्षी मटण सोडतो, एकदा चहा पण सोडला होता, आणि लेंट पाळला असं मनापासून वाटायचं. त्या वर्षी मात्र बायबलमधल्या यशयाचा 58 वा अध्याय वाचताना अडकलो. लोक देवाला म्हणतात आम्ही उपास केला, तू बघत का नाहीस, आणि देव म्हणतो तुम्ही उपास धरता आणि भांडता. पुस्तक मिटून ठेवलं, झोप काही आली नाही.

कारण माझं आणि चुलत भाऊ अण्णाचं 9 वर्षं बोलणं बंद. गावाकडं आमची विहीर सामाईक, मोटरच्या पाळीवरून वाजलं आणि मी त्याच्या मेलेल्या बापाचं नाव काढून बोललो. ते बोलायला नको होतं, हे मला त्याच रात्री कळलं होतं. पण गेलो नाही. अण्णानं तेव्हापासून चर्च पण सोडलं. मार्चमधे पाणी तळाला गेलं की गाळ काढायला पाहिजे, पण आधी कोणी म्हणायचं म्हणून वर्षानुवर्षं तो तसाच साचत राहिला.

शुक्रवारी चर्चमधे क्रुसाची वाट झाली, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या एकेका ठिकाणी थांबून प्रार्थना, पाचव्या ठिकाणी कुरेनेकर शिमोन येतो, येशूचा क्रूस उचलायला लावलेला, तिथं गुडघे टेकले ते उठूच वाटेना. शनिवारी सकाळी पहिल्या एसटीनं गावाला गेलो. अण्णा अंगणात ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. म्हणलं अण्णा, काकांबद्दल मी जे बोललो ते चुकलं माझं, माफ कर. त्यानं वर बघितलंच नाही. वहिनीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. नळीचं वेटोळं पुरं झाल्यावर म्हणाला,

"यारीवाला दिवसाचे किती घेतो, विचारलंस का?"

पुढचे तीन आठवडे दर शनिवार-रविवार, रविवारी चर्चची मिस्सा झाल्यावर, आम्ही विहिरीवर. अण्णा खाली, मी वर. यारीच्या दोरावर घमेलं भरून वर आलं की काळा, घाण वास मारणारा गाळ, त्यात बाभळीची मुळं, चप्पल, आमच्या आजोबाची पितळी कळशी पण निघाली, चेपलेली. वहिनी भाकर आणि शेवग्याच्या शेंगांची आमटी घेऊन यायची, आम्ही तिघं बांधावर बसून जेवायचो. जुनं भांडण एकदाही निघालं नाही, ते कधीतरी बोलावं लागेल, पण मला घाई नाही.

18 एप्रिलला गुड फ्रायडे. दुपारच्या उपासनेला मी पुढं बसलो होतो, क्रुसाचं चुंबन घ्यायला रांग लागली तेव्हा मागं वळून बघितलं तर अण्णा रांगेत, धुतलेला पांढरा शर्ट घालून. तो वाकला, क्रुसाला दोन्ही हात लावले. नखांत अजून गाळ होता.